वाडीत सगळ्यात मोठा आवाज माझा, आणि आज मी गप्प राहिले

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

मी ऑपेरा गाते हे तुम्हाला माहीत आहे. मेझो-सोप्रानो, म्हणजे बायकांच्या आवाजातला मधल्या पट्टीचा, भरदार आवाज. परवा परदेशातल्या एका ऑपेरा कंपनीसाठी माझी ऑडिशन आहे. गाणं शिकवणाऱ्या मॅडमनी बजावलंय, आवाजाला पूर्ण विश्रांती, तोवर तोंडातून शब्दही काढायचा नाही. म्हणून समुद्रकाठी आमच्या गावी, नरपडला घरी आलेय.

आज दुपारी वाडीतल्या सगळ्यांचे बोंबील बाहेर काठ्यांवर वाळत होते. अचानक समुद्राकडून काळं भरून आलं. आमच्याकडे रीतच आहे, ढग ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं, मग अख्खी वाडी धावते. लहानपणी हे काम माझंच असायचं, कारण माझा आवाज सगळ्यात लांब जायचा.

आज ढग मलाच आधी दिसले. मी ओरडले नाही. आधी आमचे बोंबील भराभर काढले, हो, आमचेच, आणि मग शेजारच्या हेमाकाकूचं दार वाजवायला धावले. तोवर सर आली. काकूचे तीन दिवस वाळवलेले बोंबील भिजले.

आई काकूला म्हणाली, "तिला बोलायचं नाय सांगितलंय गं, परीक्षा हाय तिची."

काकू ओले बोंबील पाटीत भरत होती. मान वर न करता म्हणाली, "तिकडच्या लोकांना ऐकू जाईल ना बाय तुझं? मी तर दहा पावलांवर होते."

मी तिच्या शेजारी बसून ओले बोंबील पाटीत भरू लागले.

तुम्ही असता तर ओरडला असतात का? खरं सांगा.