एकेचाळीस सेकंदांची भाकरी

बुधवारी सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला की बायको गेली. मी ऑफिसात होतो. लॅपटॉप बंद केला आणि टॅक्सीत बसलो. कागदपत्रं झाल्यावर शुक्रवारी दुबईतल्या जबल अलीच्या स्मशानात तिला अग्नी दिला.

तिसऱ्या आठवड्यात कंपनीच्या एचआरची मेल आली. वर सांत्वनाचे दोन परिच्छेद होते आणि खाली तीन पर्याय. ज्यांच्या घरी मृत्यू झाला आहे अशा कर्मचाऱ्यांना कंपनीतर्फे एक वर्कशॉप मिळणार होतं: मांजरांसोबत योग, मातीची भांडी, किंवा डिजिटल स्टोरीटेलिंग आणि सोशल मीडिया. गुरुवारपर्यंत काही न निवडल्यास सिस्टिम आपोआप पहिला पर्याय देणार होती. मांजरांना सामोरं जाण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून मी तिसरा निवडला.

दुसरंही एक कारण होतं, पण ते एचआरला सांगण्यासारखं नव्हतं. बायकोच्या फोनमध्ये एक व्हिडिओ अर्धा राहिला होता. तो मला पुरा करायचा होता.

ती तीन वर्षं एक पेज चालवत होती. दुबईच्या देरा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये गॅस नाही, इलेक्ट्रिकची शेगडी आहे. अशा शेगडीवर आपलं जेवण कसं करायचं, हे ती त्या पेजवर दाखवायची. बघणारे बहुतेक जबल अलीच्या कामगार कॅम्पमध्ये राहणारे पुरुष होते. रत्नागिरी, चिपळूण, गुहागरकडचे, एका खोलीत आठ जण. ते तिला ताई म्हणायचे आणि शंका विचारायचे. गोदामात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या एकाने विचारलं होतं, "ताई, जाळ नसेल तर तांदळाची भाकरी फुगवायची कशी? आमची चपटीच राहते."

त्याचं उत्तर म्हणून तिने तो व्हिडिओ करायला घेतला. एकेचाळीस सेकंदांचा आहे. ती म्हणते, "नमस्कार मंडळी." मग भाकरी तव्यावर टाकते, वरून पाण्याचा हात फिरवते आणि म्हणते, "आता शेगडीला जाळ नाही, मग भाकरी फुगणार कशी? सोपं आहे. भाकरी उलटायची, आणि..." तेवढ्यात दाराची बेल वाजते. ती दाराकडे बघते, हात पुढे करून फोन बंद करते. संपलं.

बेल मी वाजवली होती. खाली ग्रोसरीत दही आणायला गेलो होतो आणि किल्ली विसरलो होतो. दार उघडून ती म्हणाली, "तुझी किल्ली खुर्चीवर आहे," आणि आत गेली. व्हिडिओ उद्या परत करते, असंही म्हणाली; ते राहूनच गेलं. ती भाकरी मी अर्ध्या तासाने खाल्ली. फुगलेलीच असणार, कारण तिची नेहमीच फुगायची. पण ती काय करत होती, हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी जेवताना वाचतो. वीस वर्षं मी त्या भाकऱ्या पुस्तकावरची नजर न उचलता खाल्ल्या होत्या.

मुलीला विचारलं, मम्मी पुढे काय करायची गं? तिने खूप विचार केला आणि म्हणाली, "बाबा, आय डोन्ट नो. आय हॅड माय हेडफोन्स ऑन."

वर्कशॉप दुबई मरीनात होतं, एका टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर, सलग सहा शनिवार. खाली पांढऱ्या बोटी एका जागी उभ्या असायच्या. दारातच प्रत्येकाला एक स्टिकर मिळालं, पण त्यावर नाव लिहायचं नव्हतं. आमच्या ट्रेनरबाईंच्या मते आजकाल नाव कुणी लक्षात ठेवत नाही; आपण कोणत्या विषयावर बोलतो तेवढंच लिहायचं. फ्लॅट विकणाऱ्या पंजाबी बाईंच्या छातीवर 'प्रॉपर्टी' होतं. एक केरळी अकाउंटंट होते, माझ्याच वयाचे. दुबईत कुठे गाडी लावली तर दंड होत नाही, याचे व्हिडिओ ते करायचे. त्यांच्या शर्टावर 'पार्किंग' लिहिलेलं होतं.

माझा विषय काय, असं ट्रेनरबाईंनी विचारलं. मी सांगितलं की माझी बायको वारली आहे. त्यांनी क्षणभर डोळे मिटले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि स्टिकरवर लिहिलं: 'ग्रीफ'. मग थोडा विचार करून खाली बारीक अक्षरांत 'लाइफस्टाइल' असं जोडलं.

त्या दिवसापासून सगळे मला ग्रीफ सर म्हणू लागले. ग्रीफ सर, चाय लेंगे? ग्रीफ सर, जरा चार्जर देना. यात कुणाला काही गैर वाटलं नाही, आणि दुसऱ्या शनिवारपर्यंत मलाही वाटेनासं झालं.

पहिला धडा असा की गोष्ट पंधरा सेकंदांत सांगायची. मी उभा राहिलो. माझ्या चेहऱ्यासमोर गोल दिवा लावण्यात आला, त्यामुळे समोरच्या काचेत मी कॅलेंडरवरच्या संतासारखा दिसत होतो. मी म्हणालो की आमचं लग्न साताऱ्याला झालं, तेव्हा माझे वडील नुकतेच रिटायर झाले होते. तेवढ्यात घंटी वाजली. ट्रेनरबाई म्हणाल्या, वडील कापा. दुसऱ्या वेळेला मी वडील कापले, तरी मी लग्नाच्या पुढे गेलो नाही. प्रॉपर्टी मॅडमनी सुचवलं की थेट शेवटापासून सुरू करावं. त्यांची गोष्ट नऊ सेकंदांत झाली होती, आणि त्यात स्विमिंग पूलसुद्धा आला होता.

मग फोनमधला कुठलाही व्हिडिओ उघडून त्याचं एडिटिंग करायचं होतं. मी बायकोचा फोन आणला होता. तो भाकरीचा व्हिडिओ उघडला. पूर्ण झाल्यावर 'ड्राफ्ट' दाबायचं होतं. मी 'शेअर' दाबलं.

हे मला घरी मेट्रोतून येताना कळलं. फोन खिशात सारखा थरथरत होता. ताई, आणि काय? ताई, पुढचं सांगा. ताई, भाकरी उलटली, आता? पंधरा दिवसांत तो व्हिडिओ तिच्या बाकी सगळ्या व्हिडिओंच्या पुढे गेला. त्याचं कारण ट्रेनरबाईंनी वर्गाला पडद्यावर दाखवून समजावलं. हा व्हिडिओ संपला की आपोआप पुन्हा सुरू होतो. त्यामुळे बेल वाजते, ती दाराकडे बघते, आणि लगेच म्हणते, "नमस्कार मंडळी." जणू दार उघडून आलेल्या माणसालाच नमस्कार करते आहे. मग पुन्हा भाकरी, पुन्हा पाणी, पुन्हा बेल. परफेक्ट लूप, असं म्हणून ट्रेनरबाईंनी टाळ्या वाजवल्या. वर्गानेही वाजवल्या. माझ्या बायकोने बाविसाव्या मजल्यावरच्या भिंतीवर सात वेळा नमस्कार केला. सातव्या वेळेला पार्किंग सरांनी उठून प्रोजेक्टरची वायर काढली आणि म्हणाले, चुकून पाय लागला.

लोकांचा रस आता भाकरीतून दाराकडे वळला होता. दारात कोण आलं, यावर खाली वाद चालू होते. कुणी म्हणे वॉचमन, कुणी म्हणे पेस्ट कंट्रोलवाला. कुणी म्हणे गॅसवाला, त्याला दुसऱ्याने झापलं होतं की इथे गॅसच नाही, हाच तर विषय आहे, व्हिडिओ नीट बघ. एकाने लिहिलं होतं, "नवरा असेल. किल्ली विसरला असेल." पुढे हसणारी तोंडं. ते मी तीनदा वाचलं.

ट्रेनरबाईंचा सल्ला होता की शेवट कधीच देऊ नका. 'भाग दोन लवकरच' असं लिहा, आणि भाग दोन करूच नका. लोक थांबून राहतील. मी विचारलं, पण त्यांची भाकरी? त्या म्हणाल्या, कोणाची?

मी घरी रोज भाकरी करू लागलो. पीठ, उकड, तवा, पाणी, उलटणं, इथपर्यंत सगळं तिच्यासारखं व्हायचं आणि पुढे रस्ता संपायचा. माझ्या भाकऱ्या चपट्या राहिल्या. मुलीने एक उचलून तिच्यावर ज्यूसचा ग्लास ठेवला. ग्लास व्यवस्थित राहिला. मग तिने ग्लास खाली ठेवला आणि ती भाकरी खाल्ली, हेडफोन न लावता.

शेवटी मी पेजवरून नंबर मागून त्या फोर्कलिफ्टवाल्याला फोन केला. त्याला एवढंच सांगितलं की मी ताईंचा नवरा बोलतोय आणि पुढचं मलाही माहीत नाही. तो म्हणाला, "मग भाऊजी, या रविवारी. आम्हीपण आहोत, करून बघू."

भाऊजी म्हणणारं कुणी मला दुबईत भेटलं नव्हतं.

पार्किंग सर मला त्यांच्या गाडीतून घेऊन गेले. कॅम्पच्या फाटकावर नेपाळी सिक्युरिटी गार्डने रजिस्टर पुढे केलं. येण्याचं कारण या रकान्यात मेंटेनन्स, मेडिकल, डिलिव्हरी आणि इतर असे पर्याय होते. 'इतर' निवडल्यास तपशील लिहावा लागे. मी लिहिलं: भाकरी. गार्डने ते वाचलं, सुपरवायझरला फोन लावला, सुपरवायझरने फोन ठेवून आणखी कोणाला विचारलं, आणि वीस मिनिटांनी परवानगी आली. पार्किंग सरांनी तोवर फाटकाबाहेरच्या पाट्यांचं चित्रीकरण करून घेतलं.

स्वयंपाकाच्या लांब खोलीत शेगड्यांची रांग होती. दहा-बारा जण जमले होते, रविवारच्या धुतलेल्या कपड्यांत. ताई पुढे काय करत असतील, याबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं होतं आणि ते आधीच ठरवून आलेले होते. एक म्हणाला वर पातेलं पालथं घालायचं. साइटवर काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनने गरम हवा फेकणारी हीट गन सुचवली, पण ती कंपनीची होती. एका पेंटरचा इस्त्रीवर फार विश्वास होता. इस्त्री खरोखर आणली गेली, ओला रुमाल घातला गेला. भाकरी फुगली नाही, पण तिला कडक घडी पडली. कुणी हसलं नाही. पेंटरने ती बाजूला ठेवली आणि म्हणाला की कॉटनच्या नंबरवर ठेवायला हवी होती.

फोर्कलिफ्टवाल्याने विचारलं, "पण ताई का नाही आल्या? एका मिनिटाचं काम झालं असतं."

मी तोवर बरीच वाक्यं तयार केली होती. पंधरा सेकंदांची, नऊ सेकंदांची. एकही आठवलं नाही.

मी म्हणालो, "ती गेली. हा व्हिडिओ केल्यावर बारा दिवसांनी. आणि ती बेल माझी होती."

पार्किंग सरांना मराठी येत नाही, तरी त्यांनी हातातला फोन खाली केला.

"किल्ली विसरला होतात?" फोर्कलिफ्टवाल्याने विचारलं.

"हो."

"मी लिहिलं होतं ते," तो म्हणाला. "हसून लिहिलं होतं. माफ करा भाऊजी."

मी म्हणालो की त्याचं बरोबर होतं, बाकी सगळ्यांचं चुकलं होतं.

त्याने परातीतला एक गोळा उचलून माझ्या हातात दिला. "ही तुम्ही थापा."

मी थापली. एका बाजूला जाड झाली, कडेला फाटली. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. आणि थांबलो. तेव्हा कोपऱ्यातला एक वयस्क सुतार, इतका वेळ गप्प बसलेला, पुढे आला आणि फडक्याचा बोळा करून भाकरीच्या कडा हळूहळू दाबू लागला. त्याची आई असं करायची, पण ती चुलीवर करायची, म्हणून तो बोलला नव्हता. भाकरी एका बाजूने वर आली. अर्धी फुगली, फाटलेल्या जागेतून वाफ गेली आणि बसली. पुढची फुगलीच नाही. तिसरी पूर्ण फुगली.

हेच ताई करायच्या का, असं सगळ्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. मला सांगता आलं नाही. मग सगळे तिथेच जेवलो; मी पुस्तक नेलं नव्हतं.

सहाव्या शनिवारी प्रत्येकाने आपली पूर्ण झालेली गोष्ट दाखवायची होती. कॅम्पमधल्या फुगलेल्या भाकरीचा व्हिडिओ पार्किंग सरांनी काढला होता. तो तिच्या व्हिडिओला जोडणं आता मला जमत होतं. मी जोडला नाही. ती फडक्याची युक्ती तिची होती की नाही, हे मला माहीत नव्हतं, आणि तिचं वाक्य मी एकदा तोडलं होतं. पार्किंग सरांचा व्हिडिओ मी वेगळा टाकला. तिच्या व्हिडिओखाली फक्त लिहिलं: "दारात मी होतो, तिचा नवरा. किल्ली विसरलो होतो. त्यानंतर बारा दिवसांनी ती गेली. ती पुढे काय करायची ते मी कधी पाहिलं नाही. जबल अलीतल्या सुतारकाकांची पद्धत पुढच्या व्हिडिओत आहे."

ट्रेनरबाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या की मी सगळा सस्पेन्स घालवला. खरंच घालवला. बघणारे आठवड्याभरात पांगले. सर्टिफिकेट ईमेलने आलं, सोनेरी किनारीचं. नावांसाठी स्टिकरवरची यादीच वापरली असावी. मिस्टर ग्रीफ लाइफस्टाइल यांनी वर्कशॉप यशस्वीरीत्या पूर्ण केलं, असं त्यात आहे. एचआरने ते माझ्या फाइलला लावलं. दुरुस्त करून घ्यायचं तर पुन्हा सहा शनिवार बसावं लागेल, असं कळवलं.

पेज आहे. त्यावर जुनी मंडळी आहेत. महिन्यातून एक रविवार मी जबल अलीला जातो, आणि आता गार्ड रजिस्टरमध्ये माझं कारण स्वतःच लिहितो. घरी मुलगी आणि मी समोरासमोर बसून जेवतो. माझ्या चार भाकऱ्यांतली एक फुगते.