भरलेल्या गाडीचे माप

धर्मांतर झाले त्या वर्षी आमच्या घराने गावकीची कामे सोडली. आत्या तेव्हा अठरा वर्षांची होती. नवरा लवकर गेल्यावर ती माहेरी परतली आणि इंद्रायणीकाठची एक एकर भातखाचरे कसू लागली. पुढे जमीन तिच्या नावावर झाली. त्या कागदावर तिने अंगठा उठवला नाही, त्याआधी सही शिकून घेतली.

ती साठीला आली तेव्हा मुंबईकडे जाणारा नवा रुंद रस्ता मावळातून निघाला. तो आमचे घर आणि तिचे शेत यांच्या मधून जाणार होता. रस्त्याखालून बोगदा मिळणार होता, पण नकाशात त्याची उंची आठ फूट होती. भाताची गाडी त्यातून निघणे शक्य नव्हते. वळसा पाच किलोमीटरचा. तो बैलांना झेपला नसता आणि शेत विकावे लागले असते.

मोजणीला तरुण अभियंता आला. म्हणाला, "मावशी, गाडीची उंची धरूनच आखलंय."

"कंची गाडी?"

"विहिरीपाशी उभी होती ती."

"ती रिकामी व्हती, सायब. भात काय डोक्यावर आनू?"

सोमवारी पुन्हा येतो, असे सांगून तो गेला. कापणी होऊन चार महिने झाले होते. सोमवारी सकाळी आत्याने गुरांसाठी रचलेला पेंढा उतरवला आणि सुगीत भारे रचते तसा, थरावर थर देत गाडीत भरला. शेजारचे आबा अंगणातून ओरडले, "अगं, रस्ता सरकारचा आन् माप तुजं व्हय?"

"जायचं मला हाय न्हवं? मंग माप कुनाचं घ्यायाचं?"

मी कचेरीतून रजा काढून गेलो होतो. टेपचे खालचे टोक धरणे, एवढे माझे काम. अभियंता शिडीवर चढला. सव्वाअकरा फूट भरले.

"थर कमी केले तर?"

"दोन खेपा व्हतील. बैलं दमली की गाडी तुमी वडनार?"

तो हसला. "मग बोगदा तीन-चार फूट खाली खणू."

"हितला पाऊस बगितलाय का? त्यात तळं साचंल. वर उचला."

तो शिडीवरून खाली उतरला. वहीत आकडा लिहून घेतला. दोन महिन्यांनी सुधारित नकाशा आला. उंची बारा फूट होती आणि भराव तेवढाच वर चढवला होता.

रस्ता झाल्यावरच्या पहिल्या सुगीत तिने भरलेली गाडी स्वतः हाकली. आम्ही मागून चालत होतो. भाऱ्यांच्या वर नऊ इंच जागा उरली. गाडी कुठेही न थांबता खळ्यावर आली.

आत्या आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे. बैल राहिले नाहीत. सातबाऱ्यावर तिचेच नाव आहे आणि जमीन मागायला येणाऱ्यांना ती चहा पाजून परत पाठवते. गेल्या सुगीत भात कापायचे यंत्र भाड्याने आणले. बोगद्याच्या तोंडाशी चालक थांबला, खाली उतरून वर पाहू लागला. आत्या पलीकडे काठी टेकून उभी होती.

"ये बिनघोर," ती म्हणाली. "मोजल्यालं हाय."