हळदीच्या बोटांनी विझवलेला दिवा

उरणजवळच्या एका कंटेनर यार्डाचं नेटवर्क सांभाळणाऱ्या दिपालीला हळद लागून जेमतेम घटका झाली होती, तोच यार्डातून फोन आला. गेट उघडत नव्हतं. ती सरळ नाही म्हणणार होती, पण रांगेतला तिसरा ट्रेलर हितेशचा, म्हणजे तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा होता. लग्नाआधीची एक शेवटची खेप मारायला पहाटेच गेला होता शहाणा, आणि दुपारी त्याची हळद.

धवळे, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाणारी वेणूआत्या दारात आडवी आली. "हलद लागलेली पोर उंबऱ्याभायेर जात नाय गो. आन नवऱ्याचं तोंड तं बघायचंच नाय."

"आत्ये, मी नाय गेले तं तिकरं हलद कोनाला लावतील?"

आत्याने हात धरायच्या आत पिवळीधमक दिपाली भावाची स्कूटर घेऊन पसार झाली होती.

यार्डात साहेबांचं एकच पालुपद चालू होतं: ऑफिस आणि गेट, दोन्हीकडचे दिवे हिरवे आहेत, म्हणजे लाइन ठीक आहे. ऑफिसातून गेटाला उघडायचा हुकूम नेणाऱ्या त्या लाइनीत काचेचे दोन धागे होते, एक बोलायचा, एक ऐकायचा. एक मेला तरी काचेचा धागा साध्या तारेला जोडणाऱ्या मधल्या जुन्या डब्या दिवा जळता ठेवायच्या. दिपालीला आत्याचे धवळे आठवले. आत्या एक ओळ म्हणते आणि थांबते. बायकांनी ती परत म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. दोन्ही टोकांच्या स्विचमध्येही, म्हणजे लाइनी जोडणाऱ्या यंत्रांत, तशी सोय होती, ती तिने चालू केली. ऑफिसचा स्विच आपलं नाव सांगू लागला; गेटाच्या स्विचने ते ऐकून परत म्हणायचं होतं. गेटाकडून हाक येत होती, पण तिच्यात ऑफिसचं नाव नव्हतं. इथलं बोलणं तिथे पोचतच नव्हतं. म्हणून स्विचने ती लाइनच बंद केली. हिरवा दिवा विझला आणि साहेबांनी कपाळाला हात लावला.

पण गेटाला एक राखीव लाइनही होती, आणि पहिली चालू दिसते तोवर तिने गप्प बसायचं, असा नियम होता. ती आता जागी झाली आणि गेट उघडलं.

"दिवा घालवून गेट कसं उघडलं?" साहेबांनी विचारलं.

"लग्न झालं की सांगते. धागाही तेव्हाच जोडते."

तिला हसू आवरेना. हितेशचा ट्रेलर खिडकीखाली आला तशी ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, कारण आत्याचा निम्मा शब्द तरी पाळायचा होता. त्याने दोनदा हॉर्न दिला. आपण ऐकलं हे त्याला कळणार कसं? ती मागच्या दाराने धावली आणि स्कूटरचा हॉर्न दोनदा दाबला. बटण पिवळं झालं.

भिंतीपलीकडून पुन्हा दोन हॉर्न आले. मगच ती घरी निघाली.