न तुंबणारी गाळणी

फजितीची एक गोष्ट सांगायला बसलं, की तिच्या मागून चार येतात. आमच्या ऑफिसात तर नुसता ढीग लागलाय! बाहेर सांगायची लाज वाटते, म्हणून तुम्हालाच सांगते. हसायचं तर तोंडावर हसा, मागून नको!

* * *

चिकलठाण्याच्या एका केमिकल कंपनीत आमची एसी खोली आहे. कुलकर्णी सर, इम्रान आणि मी, तिघंच. खाली प्लांटमधल्या टाकीत पावडर आणि पाण्याचा लगदा सतत ढवळत असतो. त्यातलं स्वच्छ पाणी मेम्ब्रेनमधून, म्हणजे अगदी बारीक गाळणीतून, बाहेर काढतात. गाळणीवर पावडर बसत जाते आणि ती तुंबते. पाणी कसं फिरतं, गाळणी कधी तुंबेल, हे आम्ही वर बसून कॉम्प्युटरवर काढतो.

नणंदेच्या लग्नात एका मावशींनी विचारलं, "सून काय करते?"

सासूबाई म्हणाल्या, "कॉम्प्युटरवर घुसळते."

"अगं बाई! मग लोणी निघतं का?"

मी ताटातल्या जिलबीकडं बघत बसले. तोवर खरंच काही निघालं नव्हतं!

* * *

आमच्या चित्रांत लाल म्हणजे जोरात वाहणारं पाणी, निळं म्हणजे संथ. एकदा मोठे साहेब आले आणि लाल रंग बघून दचकलेच.

"एवढं तापतंय? बंद करा आधी!"

सरांनी समजावून सांगायचं की नाही? सर म्हणाले, "करतो सर!" साहेब गेल्यावर त्यांनी आम्हाला रंगच बदलायला लावले. तेव्हापासून आमच्याकडं सगळं हिरवंगार आहे. साहेब खूश!

* * *

ढवळणी विकणारा एक माणूस आमच्याकडं चहाला थांबला होता. समोर टीव्हीवर आमच्या कॉम्प्युटरवरच्या टाकीतली ढवळणी फिरत होती. बघता बघता तो म्हणाला, "सर, ही उलटी फिरतेय का?"

खरंच उलटी होती! किती महिने, देव जाणे. येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना आम्ही कौतुकानं तीच दाखवत होतो. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

सर गंभीरपणे म्हणाले, "पेटंट घेतोय."

तो गेल्यावर मी इम्रानवर चिडले, तर हा म्हणतो, "उल्टी सही मॅडम, घूमरी ना!"

* * *

आता ही शेवटची. ही सांगताना अजून कान गरम होतात.

शेंद्र्याला नवा प्लांट होणार होता, लई मोठी टाकी. गाळणी जागेवरच धुवायची यंत्रणा बसवायची की नाही, एवढंच आम्हाला सांगायचं होतं. साहेबांनी बजावलं होतं, "चुकलात तर खोली बंद, तिघंही डिस्पॅचला!" इम्रानचं तर नुकतंच लग्न ठरलं होतं.

सरांचं तत्त्व ठाम. प्लांटच्या लोकांच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही, स्वतः जाऊन मोजायचं. मग मी आदल्या दिवशी फिल्टर सेक्शनच्या जाधवमामांना फोन करायची, "मामा, उद्या येतोय हं."

मामा म्हणायचे, "या की, कवाबी या!"

दरवेळी जावं तर पाणी धो धो वाहतंय. गाळणी लख्ख! तेच आकडे आम्ही कॉम्प्युटरला दिले आणि तोही तेच म्हणाला. आम्ही रिपोर्ट दिला, 'ढवळणं इतकं उत्तम आहे की पावडर बसतच नाही. धुवायची यंत्रणा नको.' सरांनी पेढे वाटले.

शेंद्र्याचा प्लांट सुरू झाला आणि आठवडाभरातच ठप्प! गाळणीवर बोटभर जाड थर. साहेबांनी सगळ्यांना तिथंच उभं केलं. मला मान वर करता येईना. इम्रानचा चेहरा पांढराफटक पडला होता. चिकलठाण्याहून जाधवमामांनाही बोलावलं होतं.

साहेबांनी विचारलं, "जाधव, तुमच्याकडं तुंबत नाही, मग इथंच का तुंबली?"

"तुंबती की साहेब! सारखीच तुंबती!"

"मग ह्यांना कधी दिसली कशी नाही?"

मामांना ते फार लागलं. "अवो साहेब, माणसं घरी येणार म्हटल्यावर घाण दाखवायची व्हय? मॅडमचा फोन आला की आम्ही पोरं लावून ॲसिडनं घासून घ्यायचो!"

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्हीच सांगा मॅडम, दिसला का कधी एक कण तरी?"