नव्याला सहा हात

मी लोकल, म्हणजे शहरातल्या शहरात माल पोचवणाऱ्या ट्रकची ड्रायव्हरकी, निवडली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, आणि त्या आनंदाचाच मला सर्वांत जास्त राग आला. निपाणीहून आई फोनवर म्हणाली, देवानं सुबुद्धी दिली, संध्याकाळी घरी तरी येशील. इथे बेंगळुरात, कोरमंगलाच्या पीजीतल्या मैत्रिणी म्हणाल्या, सेफ आहे. मी काम मागायला गेले त्या वाहतूक कंपनीच्या सुपरवायझरांनी तर मी कारण सांगायच्या आतच मान डोलावली. निर्णय माझा होता; त्याची कारणं मात्र प्रत्येकाने आपापल्या घरून आणली होती.

माझं कारण असं होतं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी एका स्टार्टअपमध्ये ट्रकांचे मार्ग आखणारी प्रणाली लिहीत होते. त्या कार्यालयात एकानेही कधी ट्रक वळवला नव्हता. आमच्या नकाशावर गाडी दुकानाच्या ठिपक्याला टेकली की काम संपायचं. खऱ्या रस्त्यावर ड्रायव्हरचं काम तिथेच सुरू होतं. मला पुढे स्वतःची वाहतूक कंपनी उभी करायची आहे. जे यंत्र आपल्याला चालवता येत नाही त्याचं वेळापत्रक दुसऱ्यावर लादणं मला अप्रामाणिक वाटू लागलं. म्हणून नोकरी सोडली आणि अवजड वाहनाचा परवाना काढला.

नव्या ड्रायव्हरसमोर दोन वाटा असतात. लांब पल्ल्याच्या गाडीवर त्याला सेकंड म्हणून घेतात: जुना ड्रायव्हर झोपला की सरळ हायवेवर स्टिअरिंग याच्या हातात, आणि शहर जवळ आलं की याला बाजूला सारून जुना पुन्हा जागेवर. लोकलवर गाडी एकट्याची. यशवंतपूरच्या गोदामात माल भरायचा आणि बसवनगुडीसारख्या जुन्या भागात दुकानोदुकानी उतरवायचा. प्रत्येक थांब्यावर गाडी मागे घ्यावी लागते. माणूस किती लवकर शिकतो हे त्याला चुकायची संधी किती वेळा मिळते यावर ठरतं, हे प्रयोगशाळेत दिवस काढलेल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही. मी अवघड वाट निवडली होती आणि जग मला सोपी निवडल्याबद्दल शाबासकी देत होतं.

हे सगळं मी सुपरवायझरांना नीट मांडून सांगितलं. ते बेळगावकडचे, त्यामुळे मराठीत बोलायचे आणि दोन वाक्यांत माझे काका होऊन जायचे. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तेच सांगतोय की ओ मी. बायकामाणसाला लोकलच बरं."

मग त्यांनी अट घातली. माल चढवायच्या गोदामाच्या ओट्याला गाडी मागे घेऊन लावून दाखवायची. लागली तर उद्यापासून बसवनगुडीची गाडी माझी; नाही तर अण्णांच्या हाताखाली सेकंड. अण्णा म्हणजे कंपनीचे सर्वांत जुने ड्रायव्हर, बेंगळुरातच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातले. अट मला मान्य होती. परीक्षेला माझा कधीच विरोध नव्हता.

गोदामात गाडी मागे घेण्याची एक रीत आहे. मागे एक माणूस उभा राहतो आणि गाडीच्या अंगावर हाताने थापा देतो. हलक्या थापा म्हणजे येऊ दे, एकच जोराची थाप म्हणजे थांब. ड्रायव्हर त्या हातावर विश्वास ठेवतो. एका गाडीला एकच हात, हे कुणी कुणाला शिकवत नाही, पण मोडतही नाही. माझ्या आधीची गाडी अशीच एका हमालाच्या हातावर अलगद ओट्याला टेकली होती.

मी रिव्हर्स टाकला आणि मागे सहा जण गोळा झाले. डावीकडून हलक्या थापा, उजवीकडून जोराची थाप. कुणी कन्नडमध्ये "बा, बा" म्हणून बोलावत होता, कुणी हात आडवा धरून थांबवत होता. सुपरवायझर स्वतः माझ्या काचेसमोर येऊन, हवेतलं, नसलेलं स्टिअरिंग दोन्ही हातांत धरून गरगरा फिरवत होते. आरशात मला ओटा आणि लोखंडी खांब दोन्ही स्वच्छ दिसत होते. तरीही मी आरसा सोडून त्यांचे हात पाहिले, कारण नोकरी त्यांच्या हातात होती. त्यांनी दाखवलं तसं स्टिअरिंग वळवलं आणि मागचा लाल दिवा खांबावर फुटला.

हसू सगळीकडून एकदम आलं. सुपरवायझर हसले नाहीत. त्यांनी दयाळू चेहरा केला, आणि तो मला हसण्यापेक्षा जास्त लागला. अण्णा दाराशी आले. "उतर अक्का. मी लावून देतो. स्वल्प काम हाय."

त्यांच्या आवाजात कपट नव्हतं. पण मी उतरले असते आणि ते चढले असते, तर परीक्षा तिथेच संपली असती. मी इंजिन बंद केलं, किल्ली काढून मुठीत घेतली आणि मगच खाली आले.

"मघाच्या गाडीला किती जण हात देत होते?" मी सुपरवायझरांना विचारलं.

"त्याचं वेगळं ओ. जुना ड्रायव्हर हाय तो."

"किती?"

"एक."

"म्हणजे ज्याला येतं त्याला एक हात, आणि जी शिकतेय तिला सहा, तेही सहा दिशांचे?"

ते म्हणाले, सगळे मदतच करत होते. मी म्हटलं, सहा उपकरणं सहा वाचनं देत असतील तर ती मदत नसते, गोंगाट असतो. हमाल एकमेकांकडे पाहू लागले. मी त्यांच्यापैकी एकाला हात द्यायला सांगितलं. त्याने सुपरवायझरांकडे पाहिलं आणि तो बिडी शोधू लागला.

मग मी कुणालाच विचारलं नाही. गाडीच्या मागे जाऊन खांब पाहिला, ओट्याचं अंतर पाहिलं. वर चढले, थोडी मागे घेतली, थांबवली, किल्ली काढली, उतरले, पाहिलं. पुन्हा चढले. ड्रायव्हरने उतरून पाहणं ही या धंद्यात नामुष्की समजली जाते, हे मला ठाऊक होतं.

"असं कोण उतरून बघतंय ओ?" सुपरवायझर म्हणाले. "लोकं हसत्यात."

"हसून झालंय त्यांचं," मी म्हटलं.

मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. राग स्टिअरिंगवर उतरू नये म्हणून मी प्रत्येक हालचाल आणखी सावकाश केली. पुढचं तोंड शेजारच्या गाडीकडे फिरतंय हे दिसताच थांबले, सरळ केलं, पुन्हा उतरले. अखेर ओट्याचं रबर गाडीला लागल्याचा बारीक धक्का सीटमध्ये जाणवला. कुणीही थाप दिली नव्हती.

गाडी मला मिळाली. किल्लीसोबत सुपरवायझरांनी एक वाक्यही दिलं: "बघा, मी म्हटलं नव्हतं? लोकलच तुम्हाला बरं." त्यांना ते खरंच आपलं भाकीत वाटत होतं. अण्णांनी हळूच सांगितलं, दिवा आज बदलून घे, उद्या पोलीस धरतील. मी बदलून घेतला.

दुसऱ्या दिवशी, शहरात ट्रकांना असलेली सकाळची बंदी उठल्यावर, बसवनगुडीत पहिल्या दुकानाच्या गल्लीशी मी रिव्हर्स टाकला. दुकानदार बाहेर आला. समोरचा रिक्षावाला उतरला. फुलवाली टोपली खाली ठेवून उभी राहिली, आणि देवळातून निघालेल्या एका आजोबांनी काठी वर केली. चौघांचेही हात हलू लागले, चार दिशांना. सगळ्यांचे चेहरे दयाळू होते.

मी इंजिन बंद केलं आणि किल्ली काढली.