पुठ्ठ्यावरचा कान्होबा

माझ्या सासूबाई पुठ्ठा फेकत नाहीत, आणि कोणी फेकलाच तर त्याला दिवसभर ऐकवतात. अड्याळजवळच्या आमच्या गावच्या घरात धानाची पोती ओल लागू नये म्हणून पुठ्ठ्यावर रचलेली असतात. कोंबडीची पिल्लं साबणाच्या खोक्यात वाढतात. चुलीला वारा घालायचा तोही बिस्किटाच्या खोक्याच्या झाकणाने.

मी लाखनीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पुठ्ठा वर्गात फाडून दाखवायचा, आतला नागमोडी कागद मुलांच्या बोटांना लागू द्यायचा आणि सांगायचं की या नळ्यांमध्ये हवा आहे, म्हणून एवढा हलका पुठ्ठा एवढं वजन पेलतो. पाण्यात टाकला तर तरंगतो, नीट भिजला की बुडतो. दरवर्षी हे शिकवणाऱ्या बाईने स्वतःच्या घरी काय करून ठेवलं, ते ऐका.

गोकुळाष्टमीला आमच्याकडे मातीचा कान्होबा बसतो. त्याच्यावर फुलोरा टांगायचा, म्हणजे करंज्या, पापड्या, अनारसे दोऱ्याने लटकवायचे, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाजतगाजत नेऊन तलावात शिरवायचा, विसर्जन करायचा. आमचा कान्होबा नवसाचा. माझा नवरा दोन वर्षांचा असताना तापाने इतका फणफणला होता की घरच्यांनी आशा सोडली होती. तेव्हा सासूबाईंनी देवाला शब्द दिला, की पोरगं उठलं तर दरवर्षी तुला बसवीन आणि माझ्या हाताने पाण्यात सोडीन. पोरगं उठलं. तेव्हापासून दरवर्षी त्या कमरेइतक्या पाण्यात उतरत आल्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी पाण्यात उतरायची साफ मनाई केली.

"आता तुह्या हातानं सोड," त्या मला म्हणाल्या, पण भिंतीकडे बघत. मोडलेल्या शब्दाचा धसका त्यांनी घेतला होता. अष्टमीच्या आधीचे आठ दिवस त्या धड जेवल्या नाहीत.

त्यातच कुंभाराकडून मोटारसायकलवर आणताना मूर्तीचं बूड तडकलं. देवाचा लाकडी पाट काढून बघितला तर वाळवीने खाल्लेला. सासूबाईंना अजून एक अपशकुन नको म्हणून मी कोणाला काही न सांगता कामाला लागले. नव्या फ्रिजचं खोकं घरात होतंच. त्याचे तीन चौकोन कापून एकावर एक चिकटवले, नळ्या आडव्या-उभ्या ठेवून, म्हणजे मजबूत होतं. तीर्थ सांडून ओल शिरू नये म्हणून वरूनखालून, चारी कडांनी पॅकिंगची टेप गुंडाळली. त्यावर चिकणमातीने वीतभर कान्होबा पक्का बसवला आणि वरून लाल कापड लावलं. नवऱ्याने दाबून बघितलं आणि म्हणाला, "याच्यावर मी बसलो तरी मोडत नाही." मी फुशारून गेले.

दुसऱ्या दिवशी मी पदर खोचून तलावात उतरले. सासूबाई पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभ्या होत्या, माझ्या नवऱ्याचा हात धरून. मूर्ती पुठ्ठ्याच्या आसनावरून निघेना, इतकी घट्ट बसली होती. म्हटलं, असू दे, आसनासकट जाऊ दे. पाण्यावर ठेवला, हात जोडले, हात काढला.

कान्होबा तसाच उभा राहिला.

शेजारच्यांचे कान्होबा केव्हाच तळाशी गेले होते. आमचा हार घालून, गावाकडे तोंड करून डुलत होता. मी हाताने दाबला, तर तो दोन हात पुढे जाऊन वर आला. ढोलकी थांबली. पाळीवरून कोणी बाई म्हणाली, "देव जाऊन नाही राहिला वं."

सासूबाई मटकन खाली बसल्या आणि सगळ्यांसमोर रडायला लागल्या. "माह्यावर रुसला तो. मी शब्द मोडला."

मला आधी त्यांचाच राग आला. मग माझा. चिखलाच्या पायांनी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "आई, देव रुसला नाही. त्याच्या खाली पुठ्ठा आहे. मीच लावला, टेप मारून. आत हवा कोंडली आहे. पाणी शिरलं की जाईल. दहा मिनिटांत."

"दहा मिन्टं?"

"दहा."

नवरा बांबू शोधायला निघाला, तशा त्या डोळे पुसत कडाडल्या, "देवाले बांबूनं ढकलतोस? बस खाली."

दहा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. लोक प्रसाद खाऊन घरी गेले. पाळ ओली होती, म्हणून प्रसादाचं ताट ज्या पुठ्ठ्यावर आणलं होतं तोच मी सासूबाईंच्या खाली सरकवला. टेप इतकी इमानदारीने कशाला लावली, म्हणून मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते. तेवढ्यात सासूबाई बोलायला लागल्या. आमच्याशी नाही, त्याच्याशी.

"दरसाल तुले घाईघाईनं सोडलं," त्या म्हणाल्या. "मांगं लोकं उभे, पाणी थंडं, घरी पोरगं लहान. बोलाले कधी भेटलंच नाही." मग त्यांनी तापाच्या त्या रात्री सांगितल्या, ज्या नवऱ्यानेही कधी ऐकल्या नव्हत्या. पोरगं वाचलं तरी पुढची दोन वर्षं तो झोपला की त्याच्या नाकाशी हात धरून बघायच्या, हे सांगितलं. गुडघ्यांचं सांगितलं, माफी मागितली. फ्रिज घेतला तेही सांगितलं. माझा नवरा खाली मान घालून गवत उपटत बसला होता.

अंधारून आलं तेव्हा आसनाची एक कड खचली. कान्होबा जरा कलला आणि गेला.

"ऐकून गेला," सासूबाई म्हणाल्या आणि हात धरून उठल्या. त्या संध्याकाळी त्या पोटभर जेवल्या. टेपची चिंधी दुसऱ्या दिवशी नवऱ्याने पाण्यात उतरून काढून आणली.

गेल्या वर्षी मी वेळेवर शहाणी झाले. सागाचा नवा पाट करून घेतला आणि अष्टमीच्या आदल्या दिवशी सासूबाईंसमोर ठेवला. त्यांनी त्यावरून हात फिरवला, चांगला आहे म्हणाल्या आणि तो भिंतीला टेकवून ठेवला. मग धानाच्या पोत्यांमागून घडी घातलेला फ्रिजचा उरलेला पुठ्ठा ओढून काढला. वर्षभर जपलेला.

"टेप मांगच्यासारखीच मारजो," त्या म्हणाल्या. "मले बोलाचं आहे."