भिकनने बांधलेली नाव

भिकन भोई बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर नाव चालवायचा. तापीच्या या काठावरून त्या काठाला माणसं, बकऱ्या, कापसाची गाठोडी. १९०६ साली सुरतेपलीकडचा किनारा मोजणाऱ्या एका सरकारी साहेबाला वल्हवणारे हवे होते. भिकन निघाला आणि धाकट्या भावाला, दगाला, बरोबर घेतलं. दगाची बायको मालूबाई नको म्हणत होती. "पंधरा दिवसांत आणून सोडतो," भिकन तिला म्हणाला.

चौदा दिवस दोघांनी वल्ही मारली, शिसं बांधलेली दोरी सोडून पाण्याची खोली सांगितली. नाव बांधायचं काम मात्र गिरधर तांडेलाचं. तो तिथलाच कोळी, नावेचा म्होरक्या. दोघांना 'नदीवाला' म्हणून चिडवायचा. "तुम्हारी तापी में तो भैंस भी तांडेल बन जाए!"

शेवटच्या दिवशी दगाला ताप भरला. सकाळी ओहोटी होती. साहेबाचं सामान बैलगाडीवर चढवायला गिरधर गेला, तेव्हा नाव पहिल्यांदाच भिकनच्या हाती आली.

"ए नदीवाला, आज अमास है. दोर ढीला रखना."

"मामा, मला नको शिकवू. दात यायच्या आधीपासून नाव बांधतो मी."

राजघाटावर नाव आखूड बांधतात. दोर लांब सोडला तर ओढीने नाव फिरते आणि दगडी पायऱ्यांवर आपटते. भिकनने इथेही आखूडच बांधली. चिखलातल्या खुंट्याला खाली खाच होती. तिच्यात दोर अडकवून त्याने नावेचं नाक हातभर अंतरावर आवळलं. भरती त्याने चौदा दिवस पाहिली होती, आणि अमावास्येला ती जास्तच चढते. पण गिरधरच्या सांगण्यात त्याला फक्त चिडवणं ऐकू आलं.

दगा नावेतच शिडाच्या कापडाखाली सावलीला पडला होता. "दादा, आगगाडी उद्याच ना रे?"

"उद्याच. परवा मालूच्या हातची कढी खाशील."

"तिची कढी? त्यापेक्षा तापच बरा."

दोघंही हसले. गुडघाभर चिखलातून आजारी माणसाला नेणं शक्य नव्हतं, म्हणून भिकन एकटाच पेज आणायला गावात गेला. पेज शिजवून देणाऱ्या म्हातारीची लाकडं ओली निघाली. पेज शिजायला उशीर झाला.

तो परतला तेव्हा चिखल कुठेच नव्हता. पाणी चढलं होतं, आणि खाली बांधलेल्या नावेला वर येता आलं नव्हतं. नाक बुडालेलं, मागची बाजू आभाळाकडे. भिकनने मडकं टाकलं आणि पाण्यात उडी घेतली. बुडी मारून खाच चाचपली. ताणाने गाठ दगडासारखी झाली होती. नखं उलटली, दातांनी ओढून पाहिलं. गाठ त्याचीच होती, पक्की. सुटली नाही.

गिरधर कोयता घेऊन धावत आला. त्याने दोर तोडला. दगा शिडाच्या कापडात गुंडाळलेला सापडला.

 गिरधरने आणि भिकनने किनाऱ्यावरच लाकडं रचली. दुसऱ्या दिवशी भिकन एकटा गाडीत बसला.

बुऱ्हाणपुरात इतवारा मोहल्ल्यातले लोक म्हणाले, समुद्रापुढे तुझं काय चालणार? भिकन म्हणे, "मला सांगितलं होतं." ते कुणी मनावर घेत नसे. मालूबाईने मात्र नीट विचारलं.

"पाऊस होता का, दादा?"

"नाही."

"पूर?"

"नाही."

"मग पाणी चढलं कसं?"

"तिथं चढतं. रोज. दोन वेळा."

तिने त्याच्याकडे बघितलं. "काय झालं ते खरं सांगा. भांडण झालं का तुमचं?"

महिनाभर तिचा तोच प्रश्न होता. एके सकाळी भिकन तिला राजघाटावर घेऊन गेला. पाण्याच्या कडेला त्याने एक काडी रोवली, मग हात डोक्याच्या वर उंच धरून म्हणाला, "इथून इतकं चढतं." मालूबाई पायरीवर बसली आणि त्या काडीकडे बघत राहिली. दुपार झाली. पलीकडे म्हशी उतरल्या, निघून गेल्या. तापीचं पाणी काडीपाशी होतं तिथेच होतं. ऊन कलल्यावर मालूबाई उठली, पदर सावरला आणि त्याच्याकडे न बघता पायऱ्या चढून गेली. भिकन काडीपाशी बसून राहिला.